पाळीची तारीख कोणत्या देशाच्या कायद्यात बसते?

पूर्वी मासिक पाळीची नोंद म्हणजे भिंतीवरच्या कालनिर्णयात तारखेच्या चौकोनात पेनाने दिलेला एक ठिपका. घरातल्या बाईला त्याचा अर्थ कळे, बाकीच्यांना तो दिसतही नसे. आता हीच नोंद मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये होते आणि तिच्या जोडीला पोटदुखी, मनःस्थिती, शरीरसंबंध, मूल हवे की नको, चुकलेली पाळी असे बरेच काही भरले जाते. डॉक्टरांना ही नोंद उपयोगी पडते यात शंका नाही. पीसीओएस असो, थायरॉइडचा त्रास असो की रजोनिवृत्तीची चाहूल, पहिला धागा अनेकदा पाळीच्या अनियमिततेतच सापडतो. पण नाशिकमधल्या बाईने भरलेली ही माहिती परदेशातल्या कंपनीकडे गेली, तर तिचे रक्षण कोणाचा कायदा करतो?

यावर दोन उत्तरे सर्रास ऐकू येतात. ‘सर्व्हर जिथे, तिथला कायदा’ हे एक आणि ‘इंटरनेटला कसला आलाय कायदा’ हे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत. गेल्या दहा वर्षांत बहुतेक देशांनी सर्व्हरचा पत्ता विचारणे जवळपास सोडून दिले आहे. ते दोन गोष्टी पाहतात: कंपनीचा कारभार कुठून चालतो आणि माणूस कुठे आहे.

युरोपीय संघाचा ‘जीडीपीआर’ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे तिसरे कलम सांगते की कंपनीचे बस्तान संघात असेल, तर माहितीवरची प्रक्रिया जगात कुठेही होवो, कायदा लागू. कंपनी संघाबाहेरची असेल पण संघातल्या लोकांना वस्तू वा सेवा देऊ करत असेल, किंवा त्यांच्या वर्तनावर नजर ठेवत असेल, तरीही लागू. यात पारपत्राचा संबंध नाही. पुण्याहून शिकायला जर्मनीत गेलेल्या मुलीला तिथे राहत असताना हे संरक्षण मिळते, नागरिकत्व भारताचे असले तरी. याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे ‘क्लू’ हे पाळीची नोंद ठेवणारे अ‍ॅप बर्लिनच्या कंपनीचे आहे. ते सांगलीत बसून वापरणाऱ्या बाईच्या माहितीलाही कलमाच्या पहिल्या भागामुळे युरोपीय कायदा लागू होतो. आपली माहिती पाहण्याचा, ती पुसून टाकायला सांगण्याचा आणि तिथल्या नियामकाकडे तक्रार करण्याचा हक्क तिलाही आहे. सांगलीतून बर्लिनला तक्रार धाडणार कोण, हा भाग वेगळा.

अमेरिकेचे चित्र निराळे. तिथे आरोग्याच्या माहितीसाठी १९९६ पासून ‘हिपा’ कायदा आहे आणि त्याचा दबदबाही मोठा आहे. पण तो रुग्णालये, डॉक्टर, विमा कंपन्या आणि त्यांचे काम करणाऱ्यांना लागू होतो. बाईने स्वतःहून अ‍ॅपमध्ये भरलेली तीच माहिती सहसा त्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे पाळी चुकल्याचे डॉक्टरांना सांगितले तर ते गोपनीय आणि अ‍ॅपला सांगितले तर सहसा बेवारस.

‘फ्लो’ या अ‍ॅपच्या प्रकरणात ही फट उघडी पडली. बेलारूसमधल्या संस्थापकांनी २०१५ मध्ये सुरू केलेले आणि पुढे लंडनला स्थिरावलेले हे अ‍ॅप. जगभरातल्या दहा कोटींहून अधिक लोकांनी ते वापरल्याचे अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने नमूद केले होते. माहिती गोपनीय ठेवू असे आश्वासन देऊनही गर्भारपणासारख्या गोष्टींच्या नोंदी फेसबुक, गुगल आदी कंपन्यांच्या विश्लेषण विभागांकडे जात होत्या, असा आयोगाचा आरोप होता. ‘हिपा’ हाताशी नसल्याने आयोगाने ग्राहकांची दिशाभूल हे कारण पुढे केले. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता तडजोड केली, दंड शून्य. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्युरीने फेसबुकची मालक ‘मेटा’ कंपनी कॅलिफोर्नियाच्या खासगीपणाविषयक कायद्याखाली दोषी ठरवली. मेटाला हा निकाल अमान्य आहे. पण हा कायदा एका राज्याचा. तेच अ‍ॅप आणि तीच नोंद असली, तरी त्या निकालाचा आधार कॅलिफोर्नियातल्या बायकांना. शेजारच्या नेवाडातल्या बाईलाही नाही, मग नाशिकची बाई तर फारच लांब.

त्या काळात भारतात काय होते? माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये केलेले नियम होते. त्यात आरोग्यस्थिती, वैद्यकीय नोंदी, लैंगिकता यांना ‘संवेदनशील माहिती’ असा स्वतंत्र दर्जा होता. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने खुलासा केला की हे नियम भारतात असलेल्या कंपन्यांपुरतेच आहेत. बाहेरच्या अ‍ॅपपर्यंत या नियमांचा हात पोहोचतच नव्हता.

यावर उपाय म्हणून ‘भारताची माहिती भारतातच ठेवा’ ही घोषणा अधूनमधून दिली जाते. ऐकायला बरी वाटते, पण दुखणे दुसरीकडे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘प्रायव्हसी इंटरनॅशनल’ या ब्रिटिश संस्थेने पाळीची नोंद ठेवणारी अ‍ॅप तपासली, तेव्हा फेसबुककडे तपशील धाडणाऱ्यांत ‘माया’ हे भारतीय कंपनीचे अ‍ॅपही होते. त्यानंतर कंपनीने तो भाग काढून टाकला. देशी असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे तेव्हाच दिसून आले.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने २०११ मधली उणीव कागदावर भरून काढली. परदेशात बसून भारतातल्या लोकांना वस्तू किंवा सेवा देऊ करणाऱ्यांनाही हा कायदा लागू होईल, असे त्याचे तिसरे कलम म्हणते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. सुरक्षेत कसूर केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पुन्हा पुन्हा दंड झालेल्या कंपनीची सेवा भारतात बंद करण्याचा अधिकारही सरकारकडे आहे.

इथपर्यंत ठीक. पण या कायद्याने संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच काढून टाकला. चपलेचे माप आणि गर्भपाताची नोंद, दोन्ही एकाच रांगेत उभ्या. नुकसानभरपाईचा मार्ग देणारे जुन्या कायद्यातले ४३ अ हे कलमही नवी व्यवस्था पूर्ण लागू झाल्यावर रद्द होणार आहे. दंड वसूल झाला तर तो देशाच्या एकत्रित निधीत जमा होईल. जिची माहिती फुटली, तिला त्यातला रुपयाही नाही. उलट खोटी किंवा निरर्थक तक्रार केली म्हणून तिलाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाळीच्या नोंदीबद्दल तक्रार करायला आधीच दहा वेळा विचार करणाऱ्या बाईसमोर हा धाक ठेवण्याची काय गरज होती?

खरी अडचण मात्र अंमलबजावणीची आहे. कायदा लागू होणे आणि त्याचा हात पोहोचणे या दोन गोष्टी वेगळ्या. अमेरिकेतल्या ‘ट्वेंटी-थ्री अँड मी’ या जनुकीय चाचणी कंपनीचे उदाहरण बोलके आहे. २०२३ मध्ये तिच्याकडची सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरट्यांच्या हाती लागली. ब्रिटन आणि कॅनडाच्या नियामकांनी मिळून चौकशी केली आणि जून २०२५ मध्ये निष्कर्षही एकत्र जाहीर केले. ब्रिटनने २३.१ लाख पौंडांचा दंड ठोठावला, कारण १,५५,५९२ ब्रिटिश रहिवाशांची माहिती त्यात होती. कॅनडाला दंड करता आला नाही, कारण तिथल्या आयुक्तांना तो अधिकारच नाही. आणि ब्रिटनचा दंड झाला तोवर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज करून तीन महिने होत आले होते.

भारताचे डेटा संरक्षण मंडळ मिन्स्क किंवा डेलावेअरमधल्या कंपनीला नोटीस बजावणार ती कोणाच्या हाती? युरोपने याचा विचार आधीच केला. बाहेरच्या कंपनीने संघात आपला प्रतिनिधी नेमावा, अशी अट जीडीपीआरच्या २७ व्या कलमात आहे, मोजके अपवाद सोडून. भारतीय कायद्यात सर्वांसाठी अशी अट नाही.

तरीही त्यासाठी संसदेत दुरुस्ती आणण्याची वाट पाहायला नको. कायद्याचे दहावे कलम सरकारला काही कंपन्या किंवा त्यांचा एखादा वर्ग ‘महत्त्वाचे माहिती विश्वस्त’ म्हणून जाहीर करू देते, आणि त्यासाठीच्या निकषांत माहितीचे प्रमाण जसे आहे, तशी तिची संवेदनशीलताही आहे. ज्यांना हा दर्जा मिळतो, त्यांना भारतात राहणारा माहिती संरक्षण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारींसाठी त्याला पुढे करावे लागते आणि स्वतंत्र लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. म्हणजे नोटीस घेणारा माणूस मिळतो. आज या दर्जाची चर्चा होते ती बड्या समाजमाध्यमांच्या आणि खरेदीच्या अ‍ॅपच्या संदर्भात, म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने. पाळी, गर्भधारणा, मानसिक आरोग्य आणि जनुकीय चाचण्या यांची माहिती घेणाऱ्या सेवा, देशी असोत की परदेशी, संवेदनशीलतेच्या निकषावर या यादीत यायला हव्यात.

छोट्या कंपन्यांना हा खर्च झेपणार नाही, हा आक्षेप येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. स्टार्टअपना या जबाबदाऱ्यांतून सूट देण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण दोन माणसांचे नर्सिंग होम असले तरी वापरलेल्या सुया उघड्यावर टाकायची मुभा कोणी मागत नाही. ज्या अ‍ॅपचा सगळा धंदाच बाईच्या शरीराच्या नोंदीवर उभा आहे, त्याला सूट देताना मंत्रालयाने निदान ती का दिली हे लिहून जाहीर करावे. मे २०२७ पूर्वी त्यासाठी एक अधिसूचना पुरेशी आहे.