गच्च्या अनेक, मीटर निरनिराळे

सौरऊर्जेचा विषय निघाला की आपल्याकडे मेगावॉटचे आकडे जाहीर करण्याची अहमहमिका लागते. सरकारी कचेरी असो, शाळा असो वा महाविद्यालय. गच्ची दिसली की पॅनेल बसवा, इतका तो सोपा हिशेब. परंतु ज्या विद्यापीठाचा संसार एका आवारात न मावता अनेक जिल्ह्यांत पसरलेला आहे, तेथे हा हिशेब पहिल्याच पायरीवर अडखळतो.

मुंबई विद्यापीठाचेच पाहा. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा मूळ परिसर फोर्टमध्ये, २०० एकरांहून मोठे विद्यानगरी संकुल कालिन्यात, आणि उपपरिसर ठाणे, कल्याण व रत्नागिरी येथे. फोर्टमध्ये वीजवितरण बेस्टचे, उपनगरांत अदानी व टाटा या खासगी कंपन्यांचे, रत्नागिरीत महावितरणचे. कुलगुरू एक, अर्थसंकल्प एक. पण वीजग्राहक म्हणून हेच विद्यापीठ तीन दारी उभे असते. नेट मीटरिंगमध्ये गच्चीवर तयार झालेली जादा वीज वितरकाच्या जाळ्यात जाते आणि तेवढी त्या जोडणीच्या बिलातून वळती होते. रत्नागिरीत उरलेल्या विजेने कालिन्याचे बिल उतरत नाही, कारण दोन्हीकडचा वितरक निराळा. विद्यापीठाच्या एकूण मागणीचा एकच आकडा धरून काढलेली निविदा कागदावर कितीही देखणी दिसली तरी तिचा पाया येथेच खचतो.

आता गच्च्यांकडे वळू. राजाबाई मनोरा आणि दीक्षान्त सभागृह ज्या वास्तुसमूहात आहेत, त्याला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या उतरत्या छपरांवर पॅनेल चढविण्याचा विचारही कोणी करू नये. उरली नवी बांधकामे. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. म्हणजे १ मेगावॉटसाठी सुमारे १ लाख चौरस फूट, आणि त्यातून वर्षाकाठी साधारण १४ लाख युनिट. गच्चीचे क्षेत्रफळ मोजणे सोपे आहे. पाण्याच्या टाक्या, जिन्याच्या खोल्या, शेजारची झाडे आणि उद्या शेजारी उठणारी नवी इमारत वजा केल्यावर काय उरते, हे कोणी गच्चीवर चढून पाहिल्याखेरीज कळत नाही. शिवाय कोकणातील पावसात जुन्या स्लॅब गळतात. गळती न रोखता वर सांगाडा उभारला, तर दोन-चार वर्षांत तो उतरवून पुन्हा डांबर-फरशी करावी लागते आणि तो खर्च कुणाच्याच ताळेबंदात नसतो. रत्नागिरीत खारी हवा आणि वादळी वारे, म्हणून तेथे सांगाड्याचा दर्जाही निराळा हवा. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते कोकण विसरलेला नाही.

जेथे गच्च्या पुरत नाहीत तेथे दूरच्या सौरप्रकल्पातून वीज घेण्याचा मार्ग आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या १० परिसरांसाठी २०१४ मध्ये फ्रेस्नो परगण्यातील ८० मेगावॉटच्या सौरवीजखरेदीचा २५ वर्षांचा करार केला, तो याच विचाराने. (२०२५ पर्यंत कार्बनमुक्त होण्याची तेथील २०१३ ची घोषणा मात्र पुढे बदलावी लागली. परिसरांतली वायूवर चालणारी वीज-उष्णता केंद्रे सौरकराराने बंद होत नाहीत.) आपल्याकडे २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी १ मेगावॉटची अट १०० किलोवॉटवर आणली. एका वितरकाच्या एकाच विभागातील जोडण्यांची बेरीज धरण्याची मुभाही नंतर मिळाली. मुंबई आणि रत्नागिरीची बेरीज अर्थातच होणार नाही. पण कालिन्यासारख्या मोठ्या संकुलाला हे दार उघडे आहे. वहन आकार आणि अधिभार मिळवून प्रतियुनिट दर किती पडतो, एवढे मात्र सहीपूर्वी तपासावे.

मे महिन्यात ऊन सर्वाधिक आणि वर्ग रिकामे, आषाढात वर्ग भरलेले आणि आभाळही भरलेले. त्यातच २०२३ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाची वीज स्वस्त व सायंकाळची महाग करण्याची दिशा दिली आहे. रात्री उजळणारी वसतिगृहे आणि प्रयोगशाळा यांचा भार दुपारच्या उन्हाने भागत नाही.

खरी चिंता कराराची आहे. कंपनीने स्वखर्चाने संच उभारायचा आणि विद्यापीठाने युनिटमागे पैसे द्यायचे, अशी पद्धत आता रूढ झाली आहे. तिजोरीवर आरंभी भार पडत नाही, म्हणून ती सर्वांना आवडते. मात्र असे करार २५ वर्षांचे असतात आणि कुलगुरूंची मुदत ५ वर्षांची. उद्घाटनाची फीत एक कुलगुरू कापणार, पॅनेलवरची धूळ व कबुतरांची विष्ठा पुढच्या चौघांच्या वाट्याला येणार. इन्व्हर्टर साधारण १० वर्षांत बदलावा लागतो, तो कोणी बदलायचा? ठरल्यापेक्षा कमी वीज निर्माण झाली तर दंड कोणाला? हे बिल अखेर विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि करदात्यांच्या पैशातून भरले जाते. निविदा निघण्यापूर्वी प्रत्येक जोडणीची मागील ३ वर्षांची बिले आणि प्रत्येक गच्चीची पाहणी व्यवस्थापन परिषदेने अधिसभेपुढे ठेवावी. सदस्यांनी त्यावर प्रश्न विचारावेत आणि मगच दराची बोलणी सुरू व्हावीत.