दिनविशेष : फळ्यावर कोणती तारीख लिहावी?



ऑक्टोबर महिना परिपाठासाठी सोयीचा असतो. 2 तारखेला गांधीजी आणि लालबहादूर शास्त्री. 15 ला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम (1931). हा दिवस आपल्या राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. 17 ला सर सय्यद अहमद खान (1817). 20 ला बार्शीचे शाहीर अमर शेख (1916). त्यांचे मूळ नाव मेहबूब पटेल होते, हे सांगितले की वर्गातले पटेल आणि शेख दोघेही ताठ बसतात.

यंदा आम्ही 10 ऑक्टोबरपाशी थांबणार आहोत. छापील यादीत या तारखेपुढे जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. पण 10 ऑक्टोबर 1856 ला सावित्रीबाई फुले यांनी नायगावहून जोतिरावांना पत्र लिहिले. नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यातले, खंडाळा तालुक्यातले. आजारपणामुळे त्या माहेरी आल्या होत्या. आपल्या माघारी फातिमाला त्रास पडत असणार, पण ती बोलून दाखवायची नाही, अशा अर्थाचे त्यात लिहिले आहे. बरोबरीने राबणाऱ्या बाईबद्दलच कोणी असे लिहील.

पत्रात फातिमाचे आडनाव नाही, जन्मतारीखही नाही. तरी गेली काही वर्षे 9 जानेवारी ही फातिमा शेख यांची जयंती म्हणून साजरी होते. 2022 मध्ये गूगलनेही त्या दिवशी त्यांचे चित्र लावले आणि आपल्या घरांत आनंद झाला. त्या तारखेला त्या काळच्या कागदाचा आधार मात्र कोणी पुढे ठेवलेला नाही. मग जानेवारी 2025 मध्ये समाजमाध्यमावर दावा झाला, की अशी बाई नव्हतीच, ती मनाने रचलेली आहे! आधार नसलेली तारीख मिरवली की असे बोलणाऱ्याला आयते निमित्त मिळते. सावित्रीबाईंचे पत्र तर डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1988 मध्येच छापले आहे.

तारीख नाही म्हणून माणूस नव्हता, असे कसे म्हणता येईल? शिवाजी महाराजांचा जन्म 1627 चा की 1630 चा, यावर जाणकार कित्येक दशके वाद घालत होते. आणि आपल्या घरांचे काय? शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडले तर पानेच्या पाने 1 जून. शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी अंदाजाने वय धरून तीच तारीख टाकायचे. दादी-नानीला विचारावे तर उत्तर यायचे, ईदच्या आधी आठ दिवस, नाहीतर भूकंपाच्या साली. कराडकडे भूकंप म्हणजे कोयनेचा, 11 डिसेंबर 1967. तो पहाटे सव्वाचारनंतर झाला, आणि तेव्हा रमजान चालू होता. म्हणजे ऐन सहरीची वेळ. ज्यांच्या कडेवर त्या पहाटे तान्हे मूल होते, त्यांना सन सांगता येत नसेल, पण त्या मुलाचे वय चुकत नसे.

म्हणून शिक्षकांना आणि घरी परिपाठाची तयारी करून घेणाऱ्या आयांना आमचे सांगणे आहे. 9 जानेवारीला भाषण करायचे तर ‘या दिवशी जयंती पाळतात’ एवढेच म्हणावे. 10 ऑक्टोबरला मात्र फळ्यावर तारीख, सन आणि नायगाव, तिन्ही बिनधास्त लिहावे आणि सातवी-आठवीच्या एखाद्या मुलीकडून ते पत्र मोठ्याने वाचून घ्यावे. घरात आजीचा निकाहनामा किंवा शाळेचा दाखला ट्रंकेत पडला असेल, तर वाळवी लागण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा.

पुढच्या अंकात 11 नोव्हेंबर, मौलाना आझाद.