गॅस गिझर बाथरूमबाहेर काढा, दिवाळीची वाट पाहू नका!

सर्व नागरिक, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि घरमालक यांना कळकळीचं आवाहन.

थंडी तोंडावर आली आहे. आता खिडक्या बंद होतील आणि गिझर जास्त वेळ चालेल. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तर घरातले सगळे एकामागून एक त्याच बाथरूममध्ये शिरतील. तुमचा गॅस गिझर आतच टांगलेला असेल, तर तो जीव घेऊ शकतो. महाराष्ट्रात असे मृत्यू झालेले आहेत.

हिशेब सरळ आहे. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास किलोभर गॅस खातो. पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम आठ घनमीटर. दार-खिडकी बंद असली की प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. कडी हाताशी असूनही काढता येत नाही.

‘एक्झॉस्ट फॅन आहे ना!’ म्हणून निर्धास्त राहू नका. फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी आत यायला वाट लागते. ती नसेल, तर फॅन गिझरच्या धुराड्यातूनच हवा ओढतो आणि धूर उलटा आत येतो.

म्हणून ही कामं लगेच करा :

• गिझर उघड्या ड्राय बाल्कनीत हलवा. आत फक्त गरम पाण्याचा नळ येऊ द्या. काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या. तोवर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या. मगच अंघोळीला जा.

• फॅन दारासमोरच्या भिंतीत, छताजवळ बसवा. त्याचा पाइप थेट मोकळ्या हवेत काढा. फॉल्स सीलिंगमध्ये सोडलात, तर वाफ तिथेच साचून बुरशी धरेल. पाइप आखूड, सरळ आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा. नाहीतर त्यात जमलेलं पाणी मोटरवर ठिबकतं. स्विच बाथरूमबाहेर ठेवा.

• दाराखाली बोटभर फट ठेवा. खिडकीच्या काचपट्ट्यांवर थंडीसाठी चिकटवलेले कागद, कबुतरांसाठी लावलेलं प्लास्टिक काढून टाका.

• पदाधिकाऱ्यांनो, बाथरूमच्या खिडक्या ज्या डक्टमध्ये उघडतात, तो गच्चीवर पत्र्यानं बंद केलेला नाही ना, हे स्वतः वर जाऊन बघा.

• घरमालकांनो, गिझर हलवण्याचा खर्च भाडेकरूवर ढकलू नका.

आतून हाकेला ओ आली नाही, तर थांबू नका. दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आधी सांगा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो. प्राणवायू कमी असतानाही आकडा चांगला दाखवतो.

हे वाचून झालं की उठा, आपला गिझर कुठे आहे ते बघा. आत असेल, तर मेकॅनिकला आजच फोन लावा.