किल्ल्यांचा जुडगा कुणाकडे?

दोस्तांनो,

परवा आमची भाची तिच्या आईच्या ऑफिसातून फुरंगटूनच घरी आली. शाळेच्या प्रकल्पासाठी नकाशे काढायचा एक प्रोग्रॅम ती पेनड्राइव्हवर घेऊन गेली होती. तो सुरू करायला गेली, तर पडद्यावर चौकट हजर : अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या! आईकडे तो नव्हताच.

‘‘काका, आई तिथं पंधरा वर्षं नोकरी करते. तिच्यावर एवढाही विश्वास नाही?’’

सवाल बिनतोड वाटतो ना? पण गंमत अशी, की संशय आईवर नव्हताच. तो होता त्या प्रोग्रॅमवर!

आपण प्रोग्रॅम सुरू केला, की तो आपल्या नावानं काम करतो. आपल्याला जे करायची मुभा, ते त्यालाही करता येतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे संगणकाच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा. त्याच्या परवानगीनं चालणारा प्रोग्रॅम यंत्राच्या मूळ फायली बदलू शकतो, विषाणूंवरचा पहारासुद्धा बंद पाडू शकतो. आता सांगा, अनोळखी पाहुण्याला आपण बैठकीत बसवतो, की त्याच्या हाती घरच्या किल्ल्या देतो?

हा विचार जुनाच आहे. प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरतेच अधिकार द्यावेत, असं जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या संशोधकांनी १९७५ साली लिहून ठेवलं. तरीही २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीवर घरोघरी बहुतेक जण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करायचे. मग काय, विषाणूंचं चांगलंच फावलं! २००७ साली विंडोज व्हिस्टा घरोघरी आली, तेव्हापासून संगणक ‘परवानगी आहे का?’ असं विचारू लागला.

पण म्हणून निर्धास्त राहू नका हं! काही प्रोग्रॅम ही परवानगी न मागताही चालतात. आणि साध्या खात्यातून सुरू झालेला दुष्ट प्रोग्रॅम निदान आपल्या स्वतःच्या फायली तरी बिघडवू शकतोच. कारण त्या बदलायची मुभा आपल्याला असते. तेव्हा महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळी ठेवाच.

आईबाबांसाठीही एक काम. घरच्या संगणकावर दोन खाती करा. एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, त्याचा पासवर्ड तुमच्याकडे. दुसरं रोजच्या वापराचं साधं खातं. तेच मुलांनी वापरावं आणि तुम्हीही!

आणि दोस्तांनो, ती चौकट आली की ‘होय’वर लगेच बोट दाबू नका. आधी विचारा : हा प्रोग्रॅम मीच सुरू केला का? तो आला कुठून? त्याला किल्ल्या हव्यात कशाला?

हे सगळं ऐकून भाची जरा वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, ‘‘काका, तो प्रोग्रॅम मला मैत्रिणीनं दिला. तिला कुणी दिला, ते मी विचारलंच नाही.’’

विचारलंत का तुम्ही कधी?

तुमचा,
संगणककाका