सव्वीस आठवडे कोणाचे?

मूल जन्मास आल्यावर पहिले सहा महिने त्याला आईच्या दुधावाचून दुसरे काही देऊ नये, असे सरकारच सांगते. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम राखली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, बँकांत, कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील लेकीसुनांना ही रजा मिळते, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु चार माणसांचे दुकान, द्राक्षाची बाग आणि आपल्या घरची मोरी येथवर ती पोहोचत नाही. तेथल्या बाळंतिणीने काय करावे?

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने याचे उत्तर दिले होते. सरकारी नोकरीतील वा तत्सम लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळता प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेस किमान ६,००० रुपये मिळावेत, असे त्याचे चौथे कलम सांगते. पहिले मूल की तिसरे, मुलगा की मुलगी, असा भेद त्या कलमात नाही. तो प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने आणला. २०१७ साली तिने रक्कम ५,००० ठरवली, आणि तीही पहिल्याच अपत्यासाठी. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० मिळू लागले. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे हा हेतू स्तुत्यच आहे. पण दुसऱ्या खेपेस मुलगा झाला म्हणून आईची झीज कमी होते काय? त्या तान्ह्याची भूक निम्मी होते काय?

जननी सुरक्षा योजनेचे पैसे मिळवले की सरासरी ६,००० भरतात, असा सरकारी हिशेब आहे. महाराष्ट्रात खेड्यातील गरीब स्त्री रुग्णालयात बाळंत झाली, तर त्या योजनेचे ७०० रुपये मिळतात. म्हणजे बेरीज ५,७०० होते! आणि ५,००० रुपये २६ आठवड्यांवर वाटले, तर दिवसाला २७-२८ रुपये पडतात. एवढ्यावर कोणती मजूर स्त्री घरी बसेल?

ती बसत नाहीच. पेठ-सुरगाण्याकडची माणसे घाट चढून निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. आदिवासी भागात राज्य सरकारने २०१५ पासून अमृत आहार योजना चालवली. गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण देणारी ही योजना खरोखर चांगली आहे. पण आई पोटासाठी निफाडला येते आणि तिचे ताट गावीच राहते. मूल बांधावरच्या झोळीत, आणि झोळीला झोका द्यायला शाळा सोडून आलेली थोरली बहीण. तीन वर्षांखालच्या मुलास अंगणवाडीतून मुख्यतः घरी न्यायचा आहार मिळतो. आई बागेत असता ते पाकीट शिजवावे कोणी?

पैसा नाही, ही सबब आम्हांस मान्य नाही. तमिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत गरीब मातेला रोख व वस्तुरूपाने मिळून १८,००० रुपये दिले जाऊ लागले. महाराष्ट्र काही दरिद्री राज्य नाही. कायद्याने कबूल केलेले ६,००० प्रत्येक बाळंतपणास द्या. मजूर स्त्री जेथे कामास जाईल तेथील अंगणवाडीत तिला ताट आणि तिच्या मुलाला पाळणाघर द्या. यात दान काहीच नाही. हे देणे आहे.

आणि सरकारला जाब विचारताना आपणही सुटत नाही. आपल्या सुनेची रजा २६ आठवड्यांची, मग आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईची किती? ती बाळंत होताच आपण दुसरी बाई शोधतो. तिचा पगार चालू ठेवायला कोणत्याही अध्यादेशाची गरज नाही. हे आपल्या घरापासून सुरू झाले, तरच सरकारदरबारी आपल्या शब्दाला वजन येईल.