भाड्याची वास्तू : आधी हिशेब, मग करार

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय व विद्या प्रतिष्ठान यांमुळे विद्यार्थ्यांची आणि औद्योगिक वसाहतीमुळे नोकरदारांची खोल्यांना मागणी असते. इंदापुरात पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या गाळ्यांकडे व्यापाऱ्यांचे लक्ष असते. दुकानातील शिल्लक फ्लॅटमध्ये वा गाळ्यात गुंतवावी आणि नियमित भाडे घ्यावे, हा विचार त्यामुळे अनेक घरांत होतो. विचार रास्त आहे. पण काही प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वीच मिळालेली बरी.

भाड्यातून कर्जाचा हप्ता फिटेल का? समजा, फ्लॅट 30 लाखांचा आणि भाडे दरमहा 8,000 रुपये. वर्षाचे 96,000 झाले. एक महिना जागा रिकामी राहिली आणि घरपट्टी, देखभाल व किरकोळ दुरुस्तीला 15,000 गेले, तर हाती 73,000 उरतात, म्हणजे गुंतवणुकीवर अडीच टक्क्यांहूनही कमी. 20 लाखांचे कर्ज 9 टक्के दराने घेतले असेल, तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच 1,80,000 च्या आसपास जाते. उरलेली तूट दुकानाच्या गल्ल्यातून भरावी लागणार. भाववाढीची आशा धरण्यास हरकत नाही. मात्र ती आशा जमेच्या बाजूस मांडू नये.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागतो का? तो नोंदवावा लागत नाही, ही समजूत सर्वत्र आढळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. वरील उदाहरणात अकरा महिन्यांच्या करारास मुद्रांक शुल्क व नोंदणी मिळून एक-दोन हजारांत काम होते. एवढ्या बचतीसाठी 30 लाखांची वास्तू वादात लोटणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

मुदत संपूनही जागा सोडली नाही तर? राहण्यासाठी अनुज्ञप्तीने, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सने, दिलेल्या जागेसाठी कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मिळू शकते. व्यापारी गाळ्यास हा जवळचा मार्ग नाही. तेथे न्यायालयाची वाट धरावी लागते. म्हणून गाळ्याच्या करारात मुदत, भाडेवाढ, अनामत व पोटभाडेकरू न ठेवण्याची अट स्पष्ट लिहावी. जुनी माणसे गाळा भाड्याने देताना कचरतात, त्यास कारण आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधले होते; ही गोठवणूक अवाजवी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये म्हटले, तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या.

कर कोणी भरायचा? नगरपालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या वार्षिक भाड्यातून 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते. त्यासाठी दुरुस्तीची बिले लागत नाहीत. पतीने मोबदला न घेता घर पत्नीच्या नावे केले, तरी भाड्याचे उत्पन्न पतीचेच धरले जाते. जीएसटी नोंदणी नसलेल्या मालकाने नोंदणीकृत व्यापाऱ्यास गाळा दिला, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून त्या भाड्यावरील जीएसटी भाडेकरूने भरावयाचा आहे; कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना 16 जानेवारी 2025 पासून यातून वगळले आहे.

खरेदीपूर्वी बिनशेती आदेश, भोगवटा प्रमाणपत्र व मिळकतीवरील बोजा वकिलाकडून तपासून घ्यावा. औद्योगिक वसाहतीतील भूखंड भाडेपट्ट्याचा असतो. तेथील शेड परस्पर भाड्याने देता येत नाही, महामंडळाची परवानगी लागते.

व्यापारात शब्दाला किंमत आहे आणि ती राहावी. परंतु शब्द देणारी दोन माणसे कायम असत नाहीत. उद्या मालकाचा मुलगा आणि भाडेकरूचा मुलगा समोरासमोर बसतील, तेव्हा वडिलांमध्ये काय ठरले होते हे सांगणारा नोंदलेला कागद दोघांच्याही हाती असावा.