कार्ड जळाले नव्हते

दुकानातला सर्व्हर बसला की आपल्याकडे निकाल आधीच ठरलेला असतो : यंत्र गेले, नवे घ्या. या सवयीबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मी भोपाळला मामांकडे होतो. जवाहर चौकात त्यांचे औषधांचे घाऊक दुकान आहे. सगळे हिशेब लिनक्सवर चालणाऱ्या एका जुन्या सर्व्हरवर. त्यात चार डिस्क आणि त्या सांभाळणारे एक रेड कंट्रोलर कार्ड. तिथल्या इंजिनियरसाहेबांनी यंत्र हलके करण्यासाठी कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, नव्याने बांधला. यंत्र पुन्हा सुरू केले तर पडद्यावर एकच तक्रार : मूळ डिस्क सापडत नाही. साहेब म्हणाले, "कार्ड जल गया." नवे कार्ड आणायचे आणि डिस्कची मांडणी पहिल्यापासून करायची! जीएसटीची २० तारीख तीन दिवसांवर आलेली. मामा पैसे काढायला निघालेच होते.

मी वाणिज्य शाखेचा; मला यातले काय कळणार? पण वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत संगणकशास्त्राचा एक कन्नड मित्र राहतो. त्याला फोन लावला. त्याने विचारले, "सुरुवातीला कर्नल निवडायची यादी दिसते का?" दिसत होती. "मग ती त्याच डिस्कवरून, त्याच कार्डातून आली ना? कार्ड मेलेले कसे?"

सुरुवातीला यंत्र कार्डाच्या स्वतःच्या फर्मवेअरच्या मदतीने डिस्क वाचते. कर्नलने कारभार हाती घेतला की त्याला आपला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. आम्हा सीमाभागातल्यांना हे समजावून सांगायला नको. कचेरीत समोरचा माणूस मुका नसतो, मध्ये बोलणारा कोणी नसतो, इतकेच.

यादीतून जुना कर्नल निवडला आणि दोन मिनिटांत बिले उघडली. साहेबांनी ड्रायव्हर काढला नव्हता, पण सुटे मॉड्यूल म्हणून डिस्कवर ठेवला होता. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच! ही किल्ली बाहेर ठेवण्याची जागा म्हणजे इनिटरामएफएस, सुरुवातीलाच मेमरीत उतरणारी एक छोटी फाइल. ती नव्या कर्नलसाठी केलीच नव्हती. ती केल्यावर नवा कर्नलही चालला.

हा केवळ गल्लीतल्या कारागिराचा दोष समजू नये. २०१९ साली आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मधून कित्येक जुन्या कंट्रोलरांचा आधार काढून टाकला होता. कार्डे धडधाकट, पण नव्या कर्नलच्या लेखी ती नाहीतच.

नव्या कार्डाचे पंधरा-वीस हजार गेले असते तर एक वेळ चालले असते. पण मांडणी नव्याने करताना डिस्क कोऱ्या झाल्या असत्या, तर मामांची उधारीची सगळी खाती गेली असती. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, कार्ड मेले असे सांगणाऱ्याने आधी ते जुन्या कर्नलवर चालवून दाखवावे. तेरीज जुळण्यापूर्वी जुनी खतावणी रद्दीत घालणाऱ्या कारकुनाला आपण काय म्हणू? आणि गिऱ्हाइकानेही विचारायला लाजू नये. मामा लाजले होते. मीसुद्धा, इंग्रजी पडदा पाहून.

आता सर्व्हरवर एक चिठ्ठी डकवली आहे : जुना कर्नल पुसू नये. मराठीत मी लिहिली. साहेबांसाठी खाली मामांनी हिंदीत.